दिवा न लागणारे अकरा महिने : वाडीच्या आपत्कालीन दिव्यांसाठी बॅटरी निवडताना ठेवलेल्या नोंदी

८ जानेवारी २०२४

वाडीच्या मुंबई मंडळाचा निरोप आला. खर्च मंडळ उचलेल, दिवे तू बसव, पण या वेळी टिकतील असे बसव. ‘या वेळी’ म्हणण्यामागे २०२० साल आहे. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडचा पट्टा त्याच्या तडाख्यात सापडला. आमच्याकडे माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब कलंडले. लाईट परत यायला तीन आठवड्यांच्या वर गेले. त्या वेळी वाडीत आपत्कालीन दिवे नव्हते असं नाही. जवळजवळ प्रत्येक घरात एक होता. पहिल्याच संध्याकाळी निम्मे लागले नाहीत, उरलेले तास-अर्ध्या तासात विझले. आरोग्य उपकेंद्रात सिस्टरांनी एका गरोदर बाईला तपासलं ते मोबाइलच्या उजेडात. तो मोबाइल मी धरला होता, म्हणून हे काम मी मनापासून घेतलं आहे.

एकूण चौदा दिवे लागतील : उपकेंद्रात तीन, शाळेत चार (वादळात लोक तिथेच येतात), देवळाच्या सभामंडपात दोन, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या पाच घरांत एकेक. नवीन काही घेण्याआधी जुने का मेले ते बघायचं ठरवलं. पुतण्याला सायकलवर पाठवलं आणि घराघरांतले बंद पडलेले दिवे मागवले.

११ जानेवारी

सतरा दिवे जमले. पडवीत गोणपाट पसरून दिवसभर एकेक खोलत बसलो.

नऊ दिव्यांत चार व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी, म्हणजे दोन-दोन व्होल्टचे दोन सेल. भरलेली असताना ती सव्वाचार व्होल्टच्या आसपास दाखवते. इथे सगळ्यात चांगलीने १.९ दाखवले, बाकीच्या एकच्या खाली. पाच फुगलेल्या, दोघींची टरफलं तडकलेली. दोन मोठ्या दिव्यांत सहा व्होल्ट साडेचार अँपिअर-अवरच्या (अँपिअर-अवर म्हणजे करंट गुणिले तास, बॅटरीच्या साठ्याचं माप) बॅटऱ्या, त्याही मेलेल्या. तीन दिव्यांत निकेल-कॅडमियमचे जुने पॅक, टोकांवर पांढरी भुकटी. आणि तीन ‘इन्व्हर्टर बल्ब’, म्हणजे होल्डरमध्ये लावायचे आणि लाईट गेल्यावर आपोआप चालू राहणारे. त्यांत लिथियमचा एकेक गोल सेल.

मालकांना विचारलं की दिवा कसा वापरत होता. उत्तरं दोनच प्रकारची मिळाली. काहींनी गणपतीत वापरून कपाटात ठेवला, तो थेट होळीला काढला. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर शिशाचं सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग ती चार्ज घेईनाशी होते. दुसऱ्यांनी तो वर्षभर प्लगला लावून ठेवला, कारण ‘कधीही लागेल’. त्यांची चूक काहीच नाही, दिवा त्यासाठीच घेतला होता. चूक आतल्या चार्जरमध्ये आहे. ट्रान्स्फॉर्मरच नाही. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थेट मेनला, पुढे चार डायोड आणि त्यापुढे बॅटरी. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर असा कपॅसिटर साधारण ६५ ते ७० मिलिअँपिअर ढकलतो आणि ढकलतच राहतो. बॅटरी भरली आहे हे त्याला कळायची सोयच नाही. एक अँपिअर-अवरच्या बॅटरीला भरल्यानंतरही दिवसरात्र एवढा करंट मिळाला की आतलं पाणी वायू होऊन निघून जातं आणि ती सुकते.

याच जातीच्या चार्जरमध्ये आणखी एक धोका आहे. बॅटरीचं टर्मिनल आणि घरातली मेन लाईन यांच्यात काहीही आडपडदा नसतो. प्लग लावलेला असताना झाकण उघडून बॅटरीला हात लावला तर तो थेट २३० व्होल्टला लागू शकतो. सतरापैकी अकरा दिवे असे निघाले. मालकांना सांगून ते मी परत दिले नाहीत.

१५ जानेवारी

आज उपकेंद्रात सिस्टरांशी, शाळेत गुरुजींशी आणि वरच्या आळीतल्या आजींशी बोललो. बॅटरीचा प्रकार ठरवण्याआधी दिव्याकडून काय हवं आहे ते एकदा नीट लिहून काढायला हवं होतं.

सिस्टर म्हणाल्या, “दादा, मला तपासायच्या टेबलावर दोन तास भक्कम उजेड द्या. मग रात्रभर मिणमिणता चालेल, पण पूर्ण अंधार नको.” आजींचं मागणं याहून साधं होतं. खाटेपासून मोरीपर्यंतची वाट दिसावी. गुरुजींना शाळेत रात्रभर मंद दिवा हवा आहे, म्हणजे झोपलेल्या पोरांवर कुणाचा पाय पडणार नाही.

हिशेब असा केला. तीन वॉटचा एलईडी दोन तास, म्हणजे सहा वॉट-अवर. नंतर ०.३ वॉटवर आठ तास, म्हणजे २.४. मिळून ८.४, आणि सर्किटचं नुकसान धरून एका रात्रीला साडेनऊ. बाहेरून काही न मिळता दोन रात्री निघाव्यात, म्हणून दिव्यामागे १९ वॉट-अवर.

तिसऱ्या रात्रीचं काय? जूनमध्ये सोलरवर भिस्त ठेवता येत नाही. निसर्गच्या वेळी देवळाजवळ मंडपवाल्याचा जनरेटर संध्याकाळी दोन तास चालायचा आणि सगळी वाडी त्यावर मोबाइल लावायची. तीच व्यवस्था पुन्हा होईल असं धरलं, तर बॅटरीकडून दोन गोष्टी हव्यात : दोन तासांत एका रात्रीपुरती भरणं, आणि रोज अर्धवट भरून रोज रिकामी झाल्यावरही धडधाकट राहणं. याखेरीज उरलेले अकरा महिने तिने भिंतीवर काहीही न करता, उकाड्यात, भरलेल्या अवस्थेत काढायचे आहेत. दिव्याच्या खोक्यावर ‘इतके तास उजेड’ छापलेलं असतं. या अकरा महिन्यांबद्दल कुठल्याच खोक्यावर काही छापलेलं नाही, आणि माझ्या गोणपाटावरचे सतराच्या सतरा दिवे त्याच महिन्यांत मेले होते.

२२ जानेवारी

शिशाची बॅटरी मला सगळ्यात जवळची. नोकरीची बरीच वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटरी-बँकेची निगा राखण्यात गेली. १८५९ मध्ये गास्तों प्लाँते यांनी ती बनवली तेव्हापासून तिचा गाभा फारसा बदललेला नाही. आणि बदलला नाही म्हणूनच ती तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते, वायरमनला समजते, आणि मेल्यावरही भंगारात तिचे पैसे येतात.

आमच्या कामाला १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी बसेल, यूपीएसमध्ये असते ती. तिच्यावर लिहिलेले ७ हे वीस तासांच्या हिशेबाने असतात, म्हणजे ३५० मिलिअँपिअरने वीस तास. जास्त करंट ओढला की कमी मिळतं. नेहमी भरलेली ठेवायची तर तिला कायम द्यायचं व्होल्टेज, म्हणजे फ्लोट व्होल्टेज, २५ अंश तापमानाला १३.५ ते १३.८. तापमान वाढलं तर दर अंशाला दर सेलमागे सुमारे तीन मिलिव्होल्ट उतरवावे लागतात. ४० अंशांत सहा सेलचे मिळून पाव व्होल्टच्या वर झाले. बाजारातल्या स्वस्त चार्जरमध्ये ही सोय नसते. ती केली तरी दर दहा अंश वाढीला आयुष्य साधारण निम्मं होतं हे आहेच. एक्स्चेंजच्या बॅटरी-रूमला पंखे, जाड भिंती आणि रोजची नोंदवही होती. आजींच्या माजघरात यांतलं काही नाही.

जनरेटरच्या परीक्षेत ती जास्तच अडते. दोन तासांत ती अर्धी भरेल, तिथपर्यंत ठीक. वरचा हिस्सा मात्र फार सावकाश भरतो, पूर्ण व्हायला आणखी सात-आठ तास लागतात. आणि पूर्ण भरण्याची तिला गरज असते. चार-पाच दिवस ती अर्धवटच राहिली की तेच सल्फेट, ज्याने गोणपाटावरच्या, कपाटात उतरून पडलेल्या बॅटऱ्यांचा जीव घेतला.

म्हणून भिंतीवरच्या दिव्यांसाठी शिशाची बॅटरी नाही. हे लिहिताना वाईट वाटलं.

२४ जानेवारी

उपकेंद्रात देणगीतून आलेला एक इन्व्हर्टर आहे, त्याला पाण्याची मोठी ट्यूब्युलर बॅटरी. झाकणं उघडली तर दोन खान्यांत पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. डिस्टिल्ड वॉटर घातलं, रात्रभर चार्जला लावली. सकाळी हायड्रोमीटरवर (आतल्या आम्लाची घनता मोजतो तो; घनता जितकी जास्त तितका खाना भरलेला) पाच खाने १.२३० ते १.२४० आले, एक १.१७० वर अडकला. बॅटरी अजून चालेल, पण एकट्या तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. पाण्याची तारीख झाकणावर ऑइलपेंटने लिहिली.

२ फेब्रुवारी

निकेलच्या दोन बहिणी.

थोरली निकेल-कॅडमियम, स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये बनवलेली. वर्षभर भरून ठेवायचं आणि एक दिवस वापरायचं, या कामाला तिच्याइतकी सोशिक दुसरी नाही. थोडा ट्रिकल करंट, म्हणजे थेंबथेंब चार्ज, कायम चालू राहिला तरी ती तो पचवते, आणि खास सेल तर दिव्याच्या तापलेल्या पेटीत वर्षानुवर्षं राहण्यासाठीच बनवले जातात. युरोपीय संघाने २००६ च्या आदेशात लहान बॅटऱ्यांमधल्या कॅडमियमवर बंदी घातली, तेव्हा आपत्कालीन दिवे आणि धोक्याची घंटा देणारी यंत्रणा यांना सूट ठेवली. ती सूट का हवी होती हे या कामात पडल्यावर नीट कळतं.

तरीही मी ती नको म्हणतो आहे. कॅडमियम विषारी आहे. वाडीत मेलेली बॅटरी कुठे जाते हे मला माहीत आहे : उकिरड्यावर, नाहीतर वहाळात, आणि वहाळ विहिरींच्या शेजारून जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण आमच्या वाडीतून त्यांच्यापर्यंत पोचायची वाट अजून तयार झालेली नाही. ती होईपर्यंत हे विष वाडीत आणायचं नाही. चार्जिंगही सावकाश : नेहमीच्या सेलला क्षमतेच्या एक दशांश करंटने चौदा ते सोळा तास. दोन तासांच्या जनरेटरवर हे जमणार नाही.

धाकटी निकेल-मेटल हायड्राइड. तिच्यात कॅडमियम नाही, पण कायमचा ट्रिकल आणि उष्णता दोन्ही तिला सोसत नाही. जुन्या धाटणीचे सेल महिन्याभरात आपोआपच बरेच उतरायचे. २००५ मध्ये जपानमध्ये कमी गळतीचे सेल आले आणि हा दोष गेला, वर्षभर कपाटात राहूनही त्यांच्यात बराचसा चार्ज टिकतो. भिंतीवरच्या दिव्यासाठी मी हे घेणार नाही, पण म्हाताऱ्यांच्या हातातल्या टॉर्चसाठी घेणार. कारण व्यवहाराचं आहे. पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये चार्ज संपलाच तर वाण्याकडचे साधे सेल घालून काम चालतं. वाडीत टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. आजींना “बॅटरी दोन प्रकारच्या सेलवर चालते” एवढं सांगितलं की पुरतं. पाच टॉर्च, दहा सेल, एक चांगला चार्जर, ज्यात प्रत्येक सेल वेगळा तपासून बंद होतो.

१० फेब्रुवारी

लिथियम म्हटलं की लोक एकच वस्तू समजतात. प्रत्यक्षात निदान दोन वेगळ्या वृत्तींच्या बॅटऱ्या या नावाखाली येतात.

मोबाइल, लॅपटॉप आणि त्या इन्व्हर्टर बल्बातली जी असते ती ४.२ व्होल्टपर्यंत भरते. हलकी आणि जोमदार. पण पूर्ण भरून गरम जागी ठेवली की ती वापराविनाच झिजते. आणि तीनपैकी एका बल्बाचा एलईडी अजून शाबूत होता. तो दोन तास मेनवर पेटवून सेलच्या पाठीला तापमान मोजायचं थर्मोकपल लावलं, ६१ अंश दाखवले. म्हणजे रोज संध्याकाळी, पूर्ण भरलेल्या अवस्थेत, साठ अंशांत चार-पाच तास. तिला याहून वाईट जागा मिळणं कठीण. बल्ब घेणाऱ्यांना वाटलं की बॅटरी वर्षात ‘बसली’ कारण माल हलका. माल कदाचित बराही असेल. तिला दिव्याच्या पोटात बसवली तिथेच तिचं आयुष्य ठरलं.

दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेट. अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून १९९७ मध्ये हा पदार्थ शोधनिबंधात मांडला. व्होल्टेज कमी, ३.२. भरायची ३.६ किंवा ३.६५ पर्यंत. त्याच वजनात साठा थोडा कमी. पण फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे बिघाड झाला तरी ती पहिलीसारखी सहज भडकत नाही. तिच्यातलाही द्रव जळणारा आहे, तेव्हा निष्काळजीपणा चालणार नाही. भरण्या-उतरण्याची दोन हजारांच्या आसपास चक्रं ती काढते. आणि आमच्यासाठी मुख्य म्हणजे अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहण्याचं तिला काही वाटत नाही. जनरेटरवर रोज अर्धी भरा, रोज अर्धी वापरा, तक्रार नाही.

जाडा गोल सेल मिळतो, ३२७०० मापाचा, सहा अँपिअर-अवरचा, सोलर पथदिव्यांत असतो तो. ६ गुणिले ३.२ म्हणजे १९.२ वॉट-अवर. १५ जानेवारीचा माझा आकडा १९ होता. एका दिव्याला एकच सेल, म्हणजे मालिकेतले सेल एकसारखे ठेवण्याची कटकटही नाही. पांढऱ्या एलईडीला कमी करंटवर २.९ व्होल्टच्या आसपास लागतात. लहान एलईडी जास्त संख्येने समांतर लावून प्रत्येकाला थोडाच करंट दिला, तर ३.२ च्या सेलवर साध्या रोधानेही (रेझिस्टरनेही) दिवा चालतो आणि फुकट जाणारी वीज दहा टक्क्यांच्या आत राहते.

वीस सेल मागवले.

१४ फेब्रुवारी

सेल आले. पहिलं काम वजनकाटा. पंधरा सेल १४० ग्रॅमच्या जवळपास, पाच ११५ ते १२० च्या मध्ये. वेष्टण सगळ्यांचं एकच. सगळे पूर्ण भरले आणि १.२ अँपिअरने २.५ व्होल्टपर्यंत उतरवले. पंधरांनी ५.६ ते ५.९ अँपिअर-अवर दिले. हलक्या पाचांनी ३.३ ते ३.९. नवीन वेष्टण चढवलेला जुना किंवा कमअस्सल माल. दुकानदाराला काट्याचे आणि मीटरचे फोटो पाठवले, त्याने पाच सेल बदलून द्यायचं कबूल केलं.

असं काम करणाऱ्या प्रत्येकाने निदान वजनकाटा वापरावा, ही विनंती. पूर्ण तपासणीला दिवस जातात, काट्याला दोन मिनिटं.

चांगल्या सेलपैकी एक भरून नमुना दिव्यात बसवला आणि प्लग न लावता कपाटात ठेवला. कपाटात विसरलेल्या दिव्याचं काय होतं ते बघायचं आहे.

१ मार्च

चार्जरचा घोळ आजच लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी दुरुस्तीला घेतला तर त्याला कळायला हवं. बाजारात वीस-तीस रुपयांना मिळणारी लिथियम चार्जरची पट्टी, टीपी४०५६ चिपची, ४.२ व्होल्ट देते. आयर्न फॉस्फेट सेलला ती लावली की तो जास्त चार्ज होऊन खराब होतो. बाहेरून दोन्ही पट्ट्या सारख्या दिसतात. मी टीपी५००० ची पट्टी घेतली, तिच्यात ३.६ निवडता येतं. बारा पट्ट्यांपैकी दोन ४.२ वर सेट होऊन आल्या होत्या. सेल जोडण्याआधी प्रत्येक पट्टीचं व्होल्टेज मोजलं म्हणून वाचलो.

करंट दीड अँपिअर ठेवला. दोन तासांत तीन अँपिअर-अवर, म्हणजे अर्धा सेल, म्हणजे बरोबर एक रात्र. मेनकडून पट्टीकडे येताना मध्ये मोबाइलचा प्रमाणित अडॅप्टर ठेवला आहे. कपॅसिटरचा खेळ पुन्हा घरात नको, आणि जनरेटर नसेल तेव्हा मोटरसायकलच्या मोबाइल-सॉकेटवरही दिवा भरता येईल.

२८ मार्च

कपाटातला नमुना आज काढला. त्रेचाळीस दिवस झाले. उतरवून मोजला तर ५.७ ऐवजी ३.९ अँपिअर-अवरच मिळाले. धस्स झालं. या जातीचा सेल आपोआप इतका गळत नाही. शेजारी तसाच सुटा ठेवलेला सेल जवळपास पूर्ण भरलेला होता.

मग दिव्याच्या सर्किटमध्ये मीटर टाकला. दिवा बंद असताना पावणेदोन मिलिअँपिअर वाहत होते. त्रेचाळीस दिवसांचे तास १०३२, गुणून १.८ अँपिअर-अवर. हिशेब तंतोतंत जुळला. खाणारे दोन निघाले : लाईट आहे की नाही हे ओळखणाऱ्या भागातले फार लहान किमतीचे रोध, आणि चुकीच्या बाजूला जोडलेला हिरवा दर्शक दिवा. असाच दिवा पाच महिने कपाटात राहिला असता तर पूर्ण रिकामा झाला असता आणि दोष सेलला लागला असता. रोध बदलले, दर्शक अडॅप्टरच्या बाजूला घेतला. आता ६० मायक्रोअँपिअर. वर्षभरात अर्धा अँपिअर-अवर.

बॅटरीच्या प्रकारावर महिनाभर डोकं खपवलं आणि निम्मा प्रश्न सर्किटात होता.

२० एप्रिल

उकाडा. दुपारी दोन वाजता चार ठिकाणी थर्मामीटर ठेवले. शाळेत पत्र्याखाली, तुळईच्या उंचीवर ४६. त्याच वर्गात फळ्याच्या उंचीवर ३७. आजींच्या घरी कौलाखाली माळ्यावर ४१, माजघरात भिंतीला ३२. एकाच घरात नऊ अंशांचा फरक, फक्त जागेमुळे. सगळे दिवे छातीच्या उंचीवर, जांभ्याच्या आतल्या भिंतीला, चुलीपासून दूर. गुरुजींना उंच हवे होते, पोरं हात लावतील म्हणून. त्यांना आकडे दाखवले, ते लगेच कबूल झाले.

सेल दिव्याच्या पेटीत खाली, एलईडी वर, मध्ये पत्र्याचा पडदा. उष्णता वर जाते, सेलकडे येत नाही.

६ मे

खारी हवा. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डने जोडल्या, स्प्रिंगचे होल्डर टाळले, कारण दोन पावसाळ्यांत ते गंजतात. बोर्डांना वॉर्निशचे दोन हात. हवेच्या भोकांना बारीक जाळी, कारण जुन्या सतरापैकी दोघांत पाल मरून शॉर्ट झाला होता.

अकरा दिवे तयार, तीन उरले.

२५ मे

आज रोहिणी लागल्या. चौदाही दिवे भिंतीवर गेले.

एक अडचण राहिली होती. शिशाच्या बॅटरीला मीटर लावला की अंदाज येतो, पावणेतेरा म्हणजे भरलेली, बारा म्हणजे उतरत आलेली. आयर्न फॉस्फेट सेल नव्वद टक्के असो की तीस, ३.२ ते ३.३ च्याच घरात रेंगाळतो. मीटर बघून कळत नाही, पेटवूनच बघावं लागतं. म्हणून प्रत्येक दिव्याला एक बटण दिलं : दाबलं की अर्धा तास पूर्ण उजेड, मग आपोआप बंद. दर महिन्याला एकदा दाबायचं. तारीख कुणाच्या लक्षात राहणार? आजींनीच तोडगा काढला.

“संकष्टीला चंद्राची वाट बघत बसतेच मी. तेव्हा दाबीन.”

पाचही घरांत संकष्टी ठरली. शाळेत एक तारीख, उपकेंद्रात सिस्टरांच्या महिन्याच्या अहवालाचा दिवस. आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, पूर्ण रिकामा करून मोजायचा. मिरच्या, कोकमं, लाकडं यांची पावसाळ्याची बेगमी करतात त्याच आठवड्यात. ते काम माझ्याकडे.

आजींनी विचारलं, “आणि लागलाच नाही तर रे?”

मी म्हटलं, कंदील टाकू नका. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून तो खुंटीलाच आहे, पण त्यात आता बॅटरीचा छोटा दिवा बसवून देतो. त्यांना ते पटलं.

२६ जून

काल अंगारकी होती. रात्री साडेनऊनंतर तीन घरांतून फोन आले, दिवा लागला म्हणून. उरलेल्या दोन घरी आज जाऊन आलो, लागले होते. फोन करायचा असतो हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

९ जुलै

परवा रात्री वाऱ्यात लाईनवर फणसाची फांदी पडली. एकतीस तास लाईट नव्हती.

चौदापैकी तेरा दिवे लागले. उपकेंद्रातला टेबलावरचा दिवा तीन तास पूर्ण उजेडावर होता, ताप आलेल्या एका लहान मुलाला आणलं होतं. त्यानंतर पहाटेपर्यंत मंद. दुसऱ्या रात्री साडेआठला सिस्टरांनी तोच पुन्हा लावला, लाईट येईपर्यंत चालला.

न लागलेला शाळेतला तिसरा. धावत गेलो. सेल पूर्ण भरलेला होता. पेटीच्या बाजूचं बटण कुणीतरी ‘बंद’वर सरकवलं होतं. वाहतुकीत दिवा पेटू नये म्हणून ते बटण मी ठेवलं होतं, भिंतीवर गेल्यावर त्याची गरज नव्हती. चौदाही दिव्यांची ती बटणं काढून जोड थेट केला. आपत्कालीन दिव्याला माणसाने चालू करावं लागेल असं काहीही ठेवायचं नाही.

२८ जुलै

जुन्या शिशाच्या बॅटऱ्या परवानाधारक भंगारवाल्याकडे पोचवल्या, पावती मंडळाला पाठवली. तीन निकेल-कॅडमियम पॅक अजून माझ्याकडे डब्यात आहेत, झाकणाला टेप आणि वर लाल अक्षरात नाव. ते तालुक्याला घेणारं कुणी मिळेपर्यंत इथेच राहतील. लिथियमचे जुने सेल वेगळ्या डब्यात, टोकांना चिकटपट्टी लावून.

आजींचा दिवा, क्रमांक सहा, आज मोजायला आणला. मेपर्यंत थांबणार होतो, पण पहिल्या वर्षी एक तरी दिवा मध्येच बघावा असं वाटलं. सकाळी सातला उतरवायला लावला, दुपारी बाराच्या आत २.५ व्होल्टला कट-ऑफ झाला. ५.६ अँपिअर-अवर. बसवताना ५.७ होते. संध्याकाळी भरला आणि काळोख पडायच्या आत नेऊन परत भिंतीला लावला. आजी ओटीवर कंदील घेऊन बसल्या होत्या.